श्रीमंत लोकशाहीतला नागरिक खरंच स्वतंत्र असतो की नुसता पोटभर जेवलेला गुलाम?

नाना_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. राजकारणाचा धागा नाहीये, आधीच सांगतो, इथल्या पक्षांची भांडणं इथे आणू नका, त्यासाठी ढीगभर धागे पडलेत.

मुलगा डॅलसजवळ असतो, बरीच वर्षं झाली, आता तिकडचा नागरिकही झालाय शपथ वगैरे घेऊन. गणपतीत आला होता. भाचा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतो, तोही जेवायला आलेला, आणि मोदक संपायच्या आत दोघांची जुंपली. भाचा म्हणे तुम्ही स्वतःला स्वतंत्र समजता पण कर्जाचे, इन्शुरन्सचे आणि कंपनीचे वेठबिगार आहात, सोन्याचा पिंजरा वगैरे नेहमीचं. मुलगा म्हणे मी व्हाइट हाऊससमोर उभा राहून प्रेसिडेंटला शिव्या देऊ शकतो, देशाचा झेंडा जाळला तरी तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणतं हा त्याचा हक्क आहे, तू अलका टॉकीजच्या चौकात करून दाखव.

मी बँकेतून रिटायर झालो, उभा जन्म युनियनमध्ये गेला. दोघांचं ऐकत बसलो. पण एक गोष्ट बघितली ती डोक्यातून जात नाही. हाच मुलगा सुट्टीवर असून रात्री लॅपटॉप उघडून बसायचा, खाली सोसायटीच्या गणपतीची आरती चाललेली, हा आवाज जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घ्यायचा, आणि मॅनेजरशी बोलताना त्याचा जो आवाज लागायचा ना, "नो नो, टोटली माय बॅड", तसा आवाज मी त्याच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. आमच्या काळी साहेबापुढे असं बोलणाऱ्याला कॅन्टीनमध्ये तोंड दाखवायची चोरी व्हायची. प्रेसिडेंटला शिव्या देता येतात आणि मॅनेजरला "मी सुट्टीवर आहे" एवढं सांगता येत नाही, मग याला काय म्हणायचं?

व्हिसावाल्यांचं सोडा, त्यांचं दुखणं वेगळं आणि सगळ्यांना माहीत आहे. मला नागरिकांचं विचारायचंय. श्रीमंत देश, निवडणुका होतात, कोर्टं चालतात, तिथला साधा नागरिक स्वतंत्र की दबलेला? राहिलेल्यांनी लिहा. नुसतं यूट्यूब बघून लिहू नका (भाचा हा धागा वाचणार आहे, त्यालाही लागू).

---

कट_वेगळा

ईएमआय चालू आहे तोवर कुणी स्वतंत्र नाही नाना, वाकड असो नाहीतर वॉशिंग्टन. बाकी चालू द्या, मी चहा टाकतो.

---

एडिसनकर

नाना, न्यू जर्सीत आहे, नागरिक आहे, मत देतो, टॅक्स भरतो, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजतो. तुमचा मुलगा झेंड्याबद्दल बोलला ते शंभर टक्के खरं. आणि तुम्ही आवाजाबद्दल लिहिलंय तेही खरं, मी वाचून जरा ओशाळलोच कारण तो आवाज आमच्याही घरात असतो.

गंमत अशी आहे की ती पहिली घटनादुरुस्ती, १७९१ ची, ज्याच्या जोरावर आम्ही उड्या मारतो, ती फक्त सरकारचे हात बांधते. सरकार तुम्हाला गप्प करू शकत नाही. खासगी कंपनी करू शकते. मोंटाना हे एक राज्य सोडलं तर बाकी सगळीकडे नोकरी "ॲट विल" असते, म्हणजे मालकाला वाटलं की उद्यापासून येऊ नको, कारण द्यायची गरज नाही. वंश, धर्म, लिंग, वय असल्या ठरावीक कारणांवरून काढलं तर कोर्टात जाता येतं, पण "तू मीटिंगमध्ये उलट बोललास" हे त्या यादीत नाही. काही राज्यांनी राजकीय मतांना थोडं संरक्षण दिलंय, सगळ्यांनी नाही.

आता यात इन्शुरन्स घाला. हे प्रकरण कुठून आलं ते इथल्याही फार लोकांना माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ला, सरकारने पगारवाढ गोठवली, मग माणसं ओढायची कशी, तर कंपन्यांनी आरोग्यविमा द्यायला सुरुवात केली, पुढे १९५४ च्या टॅक्स कायद्यात त्यावरची करमाफी पक्की झाली आणि बसलं ते कायमचं. युद्ध संपलं, पगाराची बंदी उठली, विमा मात्र मालकाच्या खिशातच राहिला. आज निम्म्याच्या आसपास जनतेचा दवाखाना नोकरीला बांधलेला आहे.

माझ्या बायकोला संधिवात आहे, साधा गुडघेदुखीवाला नाही, तो दुसरा, त्याची इंजेक्शनं असतात फ्रीजमध्ये ठेवायची, भाजीच्या कप्प्याच्या वर. त्यांची छापील किंमत बघितली की आपण मोटार घेतोय की औषध असं वाटतं. एक दिवस सकाळी लॉगिन होईना. पासवर्ड चुकला असेल म्हणून पुन्हा टाकला, मग फोनवर, स्वतःच्या इमेलवर पत्र आलं की तुमची पोझिशन रद्द झाली, विमा या महिनाअखेरपर्यंत. पहिला विचार घराच्या हप्त्याचा नाही आला, देवाशपथ, फ्रीजमध्ये किती इंजेक्शनं शिल्लक आहेत हा आला. उठून मोजून आलो. कोब्रा नावाचा कायदा आहे, त्याने तोच विमा पुढे दीड वर्ष चालू ठेवता येतो पण पूर्ण हप्ता तुम्ही भरायचा, कंपनीचा वाटा धरून, वर दोन टक्के हाताळणीचे, आणि हे कधी तर पगार बंद झाल्यावर.

ओबामाच्या २०१० च्या कायद्याने फरक पडला हे मान्य केलं पाहिजे, आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारणं २०१४ पासून बंद झालं, बाजारातून घेता येतो, कमाई कमी असेल तर सवलत मिळते. पूर्वी तेही नव्हतं. तरी नवी नोकरी लागल्यावर मी जो शहाणा झालो तो झालोच. स्वतःचा धंदा काढायचं डोक्यात होतं, मित्र तयार होता, मी बसलो नाही. कुणी अडवलं? कुणीच नाही. इंजेक्शनने अडवलं.

आपल्याकडे म्हणतात ना तोंड दाबून बुक्क्यांचा मार, इथे तोंड मोकळं आहे हो, अगदी पूर्ण मोकळं. मार चालू असताना हवं तेवढं ओरडा.

आणि तरीही मी परत येणार नाही, हेही लिहितो नाहीतर अर्धवट होईल. आमच्या टाउनशिपच्या मीटिंगला कोणीही जाऊन माइकसमोर उभं राहतं, ठरलेली काही मिनिटं मिळतात, एक आजी दर वेळी येऊन रस्त्यावरच्या दिव्यांवरून महापौराची बिनपाण्याने करतात आणि तो बिचारा मान हलवत ऐकतो, दुसऱ्या दिवशी आजींच्या घरी कोणी कार्यकर्ते येत नाहीत. लायसन्स काढायला एजंट लागत नाही. आडनाव ऐकून कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. हे स्वातंत्र्य लहान नाहीये, रोजचं आहे.

---

भिडे_पूल_पाण्याखाली

नाना, मी तुमचा भाचा नाही पण भाच्याच्या बाजूने आहे 😄

एडिसनकर दादा, तुमचं नोकरदार वर्गाचं झालं. खाली बघा की. त्यांच्या १३व्या घटनादुरुस्तीने १८६५ ला गुलामगिरी बंद झाली पण त्याच वाक्यात अपवाद आहे, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालते. आणि आज कैदी किती, १८-१९ लाखांच्या आसपास, जगात सगळ्यात जास्त, चीनची लोकसंख्या चौपट असून अधिकृत आकडा त्यापेक्षा कमी आहे. शिक्षा भोगून बाहेर आलं तरी काही राज्यांत मतदानाचा हक्क आपोआप परत मिळत नाही. मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्यं गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्यालाही जेलमधून मत देऊ देतात, बाकी राज्यांत नाही.

मताचं वजन तरी सारखं आहे का? वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची पावणेचार कोटींच्या वर, दोघांना सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातले सदस्य, दोन-दोन. आपलं पुणे शहरच २०११ च्या जनगणनेत ३१ लाखांचं होतं, म्हणजे वायोमिंगची पाच पुण्यातच बसतील. २००० आणि २०१६ ला देशभरात कमी मतं मिळवणारा माणूस प्रेसिडेंट झाला. आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या निकालाने कंपन्यांना निवडणुकीत प्रचारावर पाहिजे तेवढा खर्च करायची मोकळीक मिळाली.

पुणेकर म्हणून एक सांगतो. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' हे पुस्तक छापलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त केलं म्हणून. गंज पेठेतला माणूस, कधी तिकडे गेला नाही, पण त्याला कळलं होतं की ही आपलीच लढाई आहे. आणि ज्यांच्यासाठी हे कौतुक होतं त्या काळ्या माणसांना १८७० ला मिळालेला मताचा हक्क दक्षिणेतल्या राज्यांनी पुढच्या काही दशकांत परीक्षा, कर आणि झुंडशाही वापरून काढून घेतला, तो नीट परत मिळायला १९६५ उजाडलं. निवडणुका या सगळ्या काळात वेळेवर होत होत्या बरं का. म्हणून निवडणुका होतात, कोर्टं चालतात हा निकष मला पुरेसा वाटत नाही. पोटभर जेवलेला म्हणताय नाना, सगळे जेवलेले तरी कुठेत.

---

वकीलबाई_शनिवार

भिडे पूल, फुल्यांचा मुद्दा आवडला. पण बाळा कैद्यांचा आकडा फेकताना आपल्या घरात डोकावून घ्यायचं. आपल्याकडे २०२२ अखेर पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी होते आणि त्यातले चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. आणि मताचं म्हणशील तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) ने कोठडीत असलेल्या कोणालाच मत देता येत नाही, कच्च्या कैद्यालाही नाही (स्थानबद्ध असेल तर पोस्टाने, तो अपवाद). त्यातून कहर म्हणजे तोच कच्चा कैदी निवडणूक मात्र लढवू शकतो. येरवड्यात बसून आमदार होता येतं, मतदार होता येत नाही.

नाना, झेंड्याचं सांगते. टेक्सास विरुद्ध जॉन्सन, १९८९, पाच विरुद्ध चार असा काठावरचा निकाल आहे, पण उभा आहे. आपल्याकडे १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाचा कायदा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. बोलण्याचं स्वातंत्र्य देणाऱ्या आपल्या घटनेच्या कलम १९(१)(अ) ला निर्बंधांच्या १९(२) ची वेसण आहे, आणि ती १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीत आणखी आवळली गेली. त्यांची पहिली दुरुस्ती बोलायला मोकळीक द्यायला, आपली पहिली दुरुस्ती ती आवरायला, हा योगायोग मला कॉलेजपासून खटकतो. ऑनलाइन लिखाणावरून अटक करता यायची ते आयटी कायद्यातलं ६६अ रद्द झालं २०१५ ला, प्रायव्हसीचा हक्क २०१७ ला, म्हणजे आपलं कोर्टही झोपलेलं नाही, पण बोलण्याच्या बाबतीत ते पुढे आहेत, यात वाद नको.

पण हक्क आहे की नाही हा निम्मा प्रश्न. माझ्याकडे पक्षकार येतो तेव्हा तो कधीच विचारत नाही की मॅडम माझा हक्क काय, तो विचारतो किती खर्च येईल आणि किती वर्षं लागतील. मी तेच मोजमाप लावते. अमेरिकेत फौजदारी केसमध्ये ज्युरीपुढे खटला चालवायचा हक्क घटनेत आहे, सिनेमात आपण तोच बघतो, प्रत्यक्षात नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षा या गुन्हा कबूल करून, सौदा करून होतात. कारण लढलास आणि हरलास तर कितीतरी मोठी शिक्षा, कबूल केलंस तर कमी, आणि जामिनाचे पैसे नसतील तर तोवर आतच. निर्दोष माणूससुद्धा हिशोब करतो. इलिनॉयने २०२३ ला पैशाचा जामीन बंद केला, असं करणारं ते पहिलं राज्य.

एक फरक उलट्या बाजूचा. मतदानाच्या दिवशी आपल्याकडे पगारी सुट्टी कायद्याने द्यावी लागते, दुकानात काम करणाऱ्या पोरालाही. त्यांच्याकडे प्रेसिडेंटची निवडणूक १८४५ च्या कायद्याने नोव्हेंबरातल्या मंगळवारी, कामाचा दिवस, देशपातळीवर सुट्टी नाही. अर्थात सुट्टी देऊन आपण पुणेकर काय करतो ते लोणावळ्याच्या ट्रॅफिकला विचारा, २०२४ च्या लोकसभेला पुण्यात निम्म्याच्या जेमतेम वर मतदान झालं.

---

बाबूराव_नाना_पेठ

दडपलेला हा शब्द जपून वापरा रे पोरांनो.

जून ७५ ला आणीबाणी लागली ती आम्ही पाहिलीय. पेपरात अग्रलेखाची जागा कोरी यायची. काका संघात होते, मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, उचलले, येरवड्याला टाकले, आरोपपत्र नाही काही नाही. काकूला काकांच्या भेटीला न्यायचं तर आमच्या वडिलांनी ऑफिसात सांगितलं की पोट बिघडलंय, कारण भाऊ आत आहे हे कळलं तर नोकरी जाईल. चहाच्या दुकानात समाजवादी, संघवाले सगळे एकदम क्रिकेटवर बोलायला लागायचे. आणि कोर्ट? ७६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. त्याला दडपशाही म्हणतात.

नानांचा मुलगा रात्री लॅपटॉपवर बसतो तो दमलेला आहे. दमलेला आणि दडपलेला यात फरक आहे. त्याला नोकरी सोडता येते, देश सोडता येतो, परत येता येतं. आमच्या काकांना खोली सोडता येत नव्हती.

---

एडिसनकर

बाबूराव काका, नमस्कार. तुमचा मुद्दा मान्य, तुलना होऊच शकत नाही. पण तुमच्याच गोष्टीत बघा ना, तुमच्या वडिलांना पोलिसाची भीती नव्हती, ते खोटं ऑफिसात बोलले, नोकरीच्या भीतीने. आमची भीती तीच आहे, फक्त पोलीस वजा.

देश सोडायचं म्हणाल तर अमेरिका हा असा देश आहे जो नागरिकाकडून तो जगात कुठेही राहिला तरी दर वर्षी टॅक्सचा हिशोब मागतो, मी उद्या पुण्यात येऊन राहिलो तरी एप्रिलमध्ये त्यांचे फॉर्म भरायचेत. असं करणारे देश बोटावर मोजण्याइतके.

---

बाबूराव_नाना_पेठ

पोलीस वजा केला की बरंच काही वजा होतं एडिसनकर. असो. बायकोची तब्येत कशी आहे आता?

---

एडिसनकर

बरी आहे काका. चालते-फिरते, बागेत टोमॅटो लावलेत.

---

स्टुटगार्टची_मुक्ता

हे काय, श्रीमंत लोकशाही म्हटलं की अमेरिकाच? आम्ही काय घोडं मारलंय. पिंपरीतल्या कंपनीतून जर्मनीत आले, आता नागरिक आहे.

एडिसनकरांनी लिहिलेलं सगळं वाचलं आणि अंगावर काटा आला कारण इथे त्यातलं एकही होत नाही. नोकरी गेली तरी विमा जात नाही. आजारी पडलं तर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, नंतर विमा कंपनी बराचसा देते. दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी सहा महिने झाले की कारण दिल्याशिवाय काढता येत नाही, आणि बेट्रिब्सराट म्हणजे कामगारांनी निवडलेली समिती असेल तर प्रत्येक काढणीआधी तिला विचारावंच लागतं, न विचारता काढलं तर ते काढणं रद्द. आमच्या समितीत एक म्हातारा फोरमन आहे, मिशीवाला, त्याला आमचे डायरेक्टर लोक जिन्यात बघितलं की फोनवर बोलत असल्याचं नाटक करतात. नाना, तुम्हाला तो फार आवडेल.

सुट्टीत मॅनेजरचा फोन? पहिल्या वर्षी मी पुण्याहून आपणहून इमेलला उत्तर दिलं तर परत गेल्यावर बॉसने बाजूला घेऊन विचारलं, तुझ्यावर कामाचा ताण आहे का, मदत हवी का. मी खुलासा देता देता घाईला आले.

पण मग स्वातंत्र्याची दुसरी बाजू. रस्त्यात कोणाला मधलं बोट दाखवलंत तर तो गुन्हा आहे, अपमानाचं कलमच आहे, दंड होतो. २०२४ मध्ये एका पेन्शनर माणसाने मंत्र्याला मूर्ख ठरवणारं चित्र सोशल मीडियावर टाकलं म्हणून पोलीस सकाळी घरी झडतीला गेले, त्यावरून केवढा गदारोळ झाला. मूल घरी शिकवायचं म्हणाल तर परवानगी नाही, शाळेत घालावंच लागतं. टीव्ही असो नसो, दर घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट प्रसारणाचे भरायचे. घर बदललं की दोन आठवड्यांत सरकारी ऑफिसात जाऊन नोंद करायची. रविवारी दुकानं बंद, भिंतीला खिळा ठोकलात तर शेजारीण बेल वाजवते.

अमेरिकन मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली की हा तुरुंग आहे, मी सहन करणार नाही. तिला मी विचारलं तुझी बाळंतपणाची रजा किती होती. तिने सांगितलं, कायद्याने बारा आठवडे, बिनपगारी, तीही कंपनी पन्नास किंवा जास्त माणसांची असली तर. मग आम्ही केक खाल्ला.

---

पुन्हा_बाणेर

नवरा-बायको दोघं सिॲटलजवळ होतो, मुलगी तिकडेच जन्मली म्हणजे ती नागरिक, आता बाणेरला आलोय. मी पुरुष मंडळींच्या नोकरीपेक्षा वेगळंच लिहिणारे.

मुलगी केजीत असताना एक दिवस घरी येऊन तिने दिवाणखान्यातला दिवा बंद केला आणि सोफ्यामागे जाऊन बसली, मला म्हणाली आई आवाज करायचा नाही, बूटसुद्धा वाजवायचा नाही, बॅड मॅन दार हलवून बघतो. शाळेत बंदूकवाला घुसला तर काय करायचं याची ड्रिल होती. टीचरने छान शिकवलं होतं, न घाबरवता, मुलांना खेळ वाटावा असं. मी भाजी चिरत होते ती तशीच ठेवली आणि तिच्याशेजारी जाऊन बसले कारण ती मलाही बसवत होती. बंदूक बाळगायचं स्वातंत्र्य त्यांच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे. ते कुणाचं स्वातंत्र्य आणि त्याची किंमत सोफ्यामागे कोण देतंय, यावर बाकी वाद तुम्ही घाला.

दुसरं सासूबाईंचं. कोथरूडला त्या राणी आहेत, रिक्षा पकडून मंडई, तुळशीबाग, बुधवारी भजन, बँकेत स्वतः जाऊन पासबुक भरून आणणार, कुणाला विचारणं नाही. आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या, मोठं घर, पुढे-मागे अंगण, सगळं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचं एकच वाक्य, "मला सोडायला कोण येणार आहे?" फुटपाथ आमच्या वळणावर संपायचा, पुढे चारपदरी रस्ता, बस तासाने एक आणि ती अर्ध्या मैलावरून. देऊळ गाडीने पंचवीस मिनिटं. तिथल्या म्हाताऱ्या अमेरिकन बायकांचंही हेच, शेजारच्या बाईंचं नजरेमुळे लायसन्स गेलं त्या दिवशी त्या आमच्याकडे येऊन रडल्या. ज्याला गाडी चालवता येत नाही तो तिथे नागरिक असून घरकोंबडा. हे कोणी मुद्दाम दडपत नाही, गावंच तशी बांधलीत, दुकानं एकीकडे आणि घरं दुसरीकडे असा झोनिंगचा नियमच आहे.

आणि आता बाणेरचं ऐका म्हणजे मी तिकडची निंदा करून इकडचे गोडवे गातेय असं नको. फ्लॅट भाड्याने घेताना ब्रोकरने नवऱ्याला पहिला प्रश्न काय विचारला तर व्हेज की नॉनव्हेज, आणि आडनाव ऐकून मग जरा सैल झाला. आमच्या आधी एक मुस्लिम जोडपं बघून गेलं होतं, दोघं डॉक्टर, त्यांना "ओनरचा विचार बदलला" असं सांगितलं, हे ब्रोकरनेच हसत सांगितलं. सिॲटलला असं तोंडावर बोलला असता तर त्याचं लायसन्स गेलं असतं.

---

वकीलबाई_शनिवार

पुन्हा बाणेर, बरोबर. त्यांचा घरांच्या भेदभावाविरुद्धचा कायदा १९६८ चा, त्यात वंश, धर्म, मूळ देश यावरून भाड्याने किंवा विकत नाकारता येत नाही. पाळला जातो का, तर आडून मोडला जातो, पण तोंडावर बोलायची छाती होत नाही. आपली घटना धर्म-जातीवरून भेदभाव करायला सरकारला मनाई करते, खासगी घरमालकाला धरेल असा तसा सरसकट कायदा नाही, आणि सहकारी सोसायटीने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवलं तर चालतं असं सुप्रीम कोर्टाने २००५ ला पारशी सोसायटीच्या केसमध्ये म्हटलंय. म्हणजे बघा, अमेरिकेत मालक तुम्हाला नोकरीवरून विनाकारण काढू शकतो पण घरमालक आडनावावरून नाकारू शकत नाही, आपल्याकडे जवळजवळ उलटं.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात हेच सांगितलं होतं, २६ जानेवारीपासून राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता, हा विरोधाभास किती काळ चालवणार. ते भारताबद्दल बोलत होते, पण अमेरिकेलाही तो प्रश्न जसाच्या तसा बसतो, फक्त कुठल्या खोलीत कुलूप आहे ते वेगळं.

---

भिडे_पूल_पाण्याखाली

वकीलबाई, हे एमपीएससीच्या निबंधात ढापणार आहे 🙏

---

नाना_कर्वेनगर

मंडळी, एवढं लिहिलंत, धन्यवाद. भाच्याला लिंक पाठवली, त्याने फक्त कैद्यांचा भाग वाचला. मुलाला पाठवली तर त्याने एडिसनकरांचा प्रतिसाद वाचला आणि फोन केला, नेहमी व्हिडिओ कॉल करतो, या वेळी नुसता फोन. म्हणाला बाबा, मी खिडक्या लावून घेतो ते तुम्ही बघत होतात हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाला सूनबाईच्या नोकरीचा विमा आमच्या दोघांना चालतो का ते बघतोय. पुढे काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

मुक्ताताई, त्या मिशीवाल्या फोरमनला माझा नमस्कार सांगा.

आता एक कामाचं. मुलगा तिकडचा नागरिक, इकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे. मुळशीला आमची थोडी भातशेती आहे, शेजारचा तुकडा विकायला निघालाय, मुलाच्या नावावर घेऊन टाकावा असं हिच्या मनात आहे. चालेल का? स्वातंत्र्याच्या धाग्यात विचारतोय म्हणून रागावू नका.

---

वकीलबाई_शनिवार

नाही चालणार नाना. ओसीआयला फ्लॅट, दुकान घेता येतं, शेतजमीन, फार्महाऊस, मळे विकत घेता येत नाहीत. वारसाने मिळू शकते, म्हणजे तुमच्या मागे तुमचा हिस्सा त्याला येईल, त्याला अडचण नाही. शेजारचा तुकडा तुमच्या नावावर घ्या, तुम्ही शेतकरी खातेदार आहात ना? नसाल तर महाराष्ट्रात तुम्हालाही घेता येणार नाही, भारतीय नागरिक असून.

आणि मुलाला सांगून ठेवा, इथे त्याला मत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, सरकारी नोकरी नाही, आणि २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार आणि गिर्यारोहण करायचं तर आधी खास परवानगी.

---

कट_वेगळा

गिर्यारोहण?? म्हणजे सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला गेला तर?

---

वकीलबाई_शनिवार

खाऊ द्या. त्याला कोणी गिर्यारोहण म्हणत नाही, निम्मं पुणे रविवारी चपलांवर चढतं.

नाना, ७/१२ वर नाव कुणाचं आहे, तुमचं की अजून वडिलांचंच?

---

नाना_कर्वेनगर

वडिलांचं. आणि दोन चुलत्यांचं.

---

वकीलबाई_शनिवार

अरे देवा. वारसनोंद झालेली नाही म्हणजे आधी ते. फेरफाराचा उतारा आणि मृत्यूदाखले काढून ठेवा, आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नको.